मशीन चालू असताना "मशीन बंद आहे" म्हणून पत्रिका नाकारली, आमच्याच छापखान्यात

दांडियाबझारची_सून | मंगळवार, रात्री 10:20

मंडळी, इथे मी बहुतेक नुसती वाचत असते. आज लिहितेय, कारण घरात कोणाशी बोलावं ते कळत नाहीये.

बडोद्यात रावपुऱ्याच्या बाजूला आमचा छोटा छापखाना आहे. सासऱ्यांनी ट्रेडल मशीनवर सुरू केला, अक्षरांचे शिशाचे खिळे स्वतः जुळवायचे. आता मिनी ऑफसेट आहे, पत्रिकांसाठी स्क्रीन प्रिंटिंगची दोन टेबलं, एक कॉम्प्युटर. धंदा ह्यांचा आणि धाकट्या भाऊजींचा. मी हिशेब आणि मराठी प्रुफं बघते.

आज दुपारी एक बाई मुलीला घेऊन आल्या. ओळखीच्याच. थोरल्या मुलीची कंकोत्री, म्हणजे लग्नाची पत्रिका, त्यांनी आमच्याकडेच छापली होती आणि लग्नानंतर आठवणीने पेढे आणून दिले होते. अल्बम चाळून त्यांनी मरून रंगाचं, सोनेरी फॉइलचं कार्ड निवडलं. अडीचशे प्रती. मजकूर वहीच्या पानावर लिहून आणलेला. वर ॥ श्री गजानन प्रसन्न ॥, खाली मुलीचं नाव, त्याखाली मुलाचं. मुलगा मुसलमान आहे. सकाळी रजिस्टर लग्न, संध्याकाळी रिसेप्शन.

भाऊजी पान वाचत होते. मुलाच्या नावापाशी त्यांचं बोट थांबलं. पान तसंच टेबलावरून परत सरकवलं आणि म्हणाले, "काकू, मशीन बंद आहे. पार्ट यायचाय."

मागे ऑफसेट खटखट चालू होतं. एका शाळेची पावतीबुकं निघत होती. आम्हा सगळ्यांना ते ऐकू येत होतं. बाईंनी एकदा मशीनकडे बघितलं, पानाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. मुलगी एवढंच म्हणाली, "चल आई."

संध्याकाळी मी विचारलं तर भाऊजी म्हणाले, "गणपतीच्या नावाखाली ते नाव मी छापणार नाही. ही माझी श्रद्धा आहे, आणि दुकान आपलं आहे." ते वाईट माणूस नाहीत हो. आमचा बाइंडर पाणीगेटचा मुसलमान आहे. त्याच्या मुलीच्या लग्नात भाऊजी वाढायला उभे होते. म्हणूनच मला हे जास्त लागलं.

मला वाटतं की चुकलं. पण नुसतं वाटून काय उपयोग? कायदा काय म्हणतो? आणि दुकानदाराच्या श्रद्धेला काही जागा आहे की नाही?

शुद्ध_तूप | मंगळवार, रात्री 11:05

वहिनी, भाऊजींनी खोटं बोलायला नको होतं, हे पहिलं. पण बाकी मी त्यांच्या बाजूचा आहे.

बावीस वर्षं केटरिंग करतोय. माझ्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही. जैन ऑर्डर असली की कांदा-लसूण त्या दिवशी स्वयंपाकघरात येतही नाही, भांडी वेगळी निघतात. कोणी कितीही पैसे दिले तरी मी मटणाची ऑर्डर घेणार नाही. हात माझे, भांडी माझी. उद्या कोणी मला म्हणालं की हा भेदभाव आहे, तर मी धंदा बंद करीन, पण ते शिजवणार नाही. मनाविरुद्ध काम करायला लावणं हीसुद्धा एक जबरदस्तीच आहे. गिऱ्हाइकाला शंभर छापखाने आहेत, त्याचं काही अडत नाही.

कोर्टाच्या_पायरीवरून | बुधवार, सकाळी 8:40

ताई, कायद्याचं मी सांगतो. बडोद्यातच वकिली करतो.

राज्यघटनेचं कलम 15 बहुतेकांना सरकारपुरतं माहीत असतं. त्याचं दुसरं उपकलम थेट तुमच्या-आमच्याशी बोलतं. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणाही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा इथे जायला अडवता येणार नाही, असं ते म्हणतं. हे बंधन फक्त सरकारवर आहे, असं त्यात म्हटलेलं नाही. ते खाजगी दुकानदारालाही लागू आहे.

आता "दुकान" म्हणजे काय? संविधान सभेत 29 नोव्हेंबर 1948 ला हाच प्रश्न निघाला होता. डॉ. आंबेडकरांनी त्याचा अर्थ फार मोठा सांगितला: येईल त्याला आपली सेवा द्यायला मालक तयार असतो, ती जागा म्हणजे दुकान. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू देण्यापुरता तो शब्द नाही. अटी पटल्या तर सेवाही मिळाली पाहिजे, हे त्यात येतं. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात तोच व्यापक अर्थ धरला. तेव्हा छापखाना दुकानात बसतो, यात मला शंका नाही.

अडचण पुढे आहे. कलम आहे, पण ते मोडलं तर शिक्षा कोणती? अस्पृश्यता मानून माल किंवा सेवा नाकारली तर 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. त्यात एक ते सहा महिने कैद आणि दंड आहे, दुकानाचा परवानाही जाऊ शकतो. शिवाय 1989 चा ॲट्रॉसिटी कायदा आहे. एचआयव्हीबाधितांसाठी 2017 चा, तृतीयपंथीयांसाठी 2019 चा कायदा सेवा नाकारायला मनाई करतो. पण खाजगी दुकानदाराने निव्वळ धर्म बघून गिऱ्हाईक परत पाठवलं, तर त्यासाठी असा वेगळा केंद्रीय कायदा नाही. 2017 मध्ये शशी थरूर यांनी लोकसभेत सर्व प्रकारच्या भेदभावाविरुद्ध खाजगी विधेयक मांडलं होतं. ते तिथेच राहिलं.

म्हणजे त्या बाई पोलिसांत गेल्या असत्या, तर हवालदाराने "कलम कोणतं लावू?" असंच विचारलं असतं. घटनेचं उत्तर स्पष्ट आहे, पण चौकीत त्याचा उपयोग होत नाही. मला हे वकील म्हणून फार खुपतं.

शुद्ध_तूप साहेब, तुमच्या मटणाचं उत्तर सोपं आहे. तुम्ही मटण कोणालाच करून देत नाही. ब्राह्मण आला तरी नाही, पारशी आला तरी नाही. काय विकायचं ते दुकानदाराने ठरवावं. जे विकायला मांडलंय ते कोणाला द्यायचं नाही, हे ठरवायला लागलो की तिथे घटना आडवी येते.

न्यू_जर्सीवाला_बडोदेकर | बुधवार, रात्री 9:15

इथे अमेरिकेत या एका प्रश्नावर वर्षानुवर्षं खटले चालू आहेत.

सगळ्यांना ठाऊक असलेला खटला कोलोराडोच्या केकवाल्याचा, मास्टरपीस केकशॉपचा. 2012 मध्ये दोन पुरुष आपल्या लग्नाच्या जेवणासाठी केक मागायला गेले, मालकाने ख्रिस्ती श्रद्धेचं कारण सांगून नकार दिला. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी केकवाल्याच्या बाजूने निकाल दिला. पण कारण नीट वाचा. राज्याच्या नागरी हक्क आयोगाने त्याच्या श्रद्धेबद्दल तुच्छतेने बोलून तटस्थपणा सोडला, म्हणून. मूळ प्रश्न तसाच राहिला. मग 2023 मध्ये, पुन्हा कोलोराडोचाच, 303 क्रिएटिव्ह हा खटला. वेबसाइट बनवणाऱ्या बाईंना समलिंगी विवाहाच्या साइट करायच्या नव्हत्या. 6 विरुद्ध 3 ने न्यायालय म्हणालं की वेबसाइट म्हणजे तिचं बोलणं आहे, आणि न पटणारं बोलायला राज्य तिला भाग पाडू शकत नाही.

या दोन निकालांमुळे भाऊजींसारख्यांना वाटेल की झालं, आपली बाजू जिंकली. त्यांना मी एक जुना खटला सांगेन. साउथ कॅरोलायनात पिगी पार्क नावाची बार्बेक्यूची हॉटेलं होती. 1964 चा नागरी हक्क कायदा आला, तेव्हा मालक म्हणाला की गोऱ्या-काळ्यांनी एकत्र येणं माझ्या धर्मश्रद्धेविरुद्ध आहे, म्हणून मी काळ्यांना आत बसवणार नाही. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव पोकळ म्हणून बाजूला सारला. तो माणूस श्रद्धेबद्दल खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्याचा त्यावर खरोखर विश्वास असेल. पण पोटात भूक घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसासाठी त्या विश्वासाचा काय उपयोग?

लेस्टरची_मावशी | बुधवार, रात्री 11:50

सूनबाई, तुझं वाचून मला आमच्याकडचा, ब्रिटनमधला, बेलफास्टचा खटला आठवला, कारण तोही अक्षरांचाच होता. ॲशर्स बेकरी. 2014 मध्ये एका माणसाने केकवर "समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या" अशी ओळ मागितली. बेकरीवाले नवराबायको श्रद्धाळू ख्रिस्ती, त्यांनी आधी ऑर्डर घेतली आणि नंतर नाही म्हणाले. खालच्या कोर्टाने 500 पौंड भरपाई द्यायला लावली. 2018 मध्ये आमच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने तो निकाल उलटवला. न्यायाधीश लेडी हेल यांनी लिहिलं त्याचं सार असं की, हे लोक त्या माणसाला नाकारत नव्हते, तो मजकूर नाकारत होते. तीच ओळ दुसऱ्या कोणी मागितली असती तरी त्यांनी नाहीच म्हटलं असतं.

आणि त्याच लेडी हेल यांनी 2013 मध्ये कॉर्नवॉलच्या एका छोट्या हॉटेलवाल्या जोडप्याविरुद्ध निकाल दिला होता. त्यांनी दोन पुरुषांना डबल बेडची खोली नाकारली होती. तेही श्रद्धाळू ख्रिस्तीच. पण तिथे खोली तीच, पलंग तोच, फक्त झोपणारी माणसं कोण आहेत ते बघून नकार दिला होता.

तेव्हा तू भाऊजींना एवढंच विचार: पत्रिकेवरून "श्री गजानन प्रसन्न" काढलं असतं, तर छापली असती का? त्यांचं खरं उत्तर त्यातून निघेल.

आणि गणपतीच्या नावाचं म्हणशील, तर बाळा, तुझं सासर दांडियाबझारात. जुम्मादादा व्यायाम मंदिरात गणपती बसतो ना? तो आखाडा चालवणाऱ्या माणिकरावांनी आपल्या मुसलमान उस्तादांचं, जुम्मादादांचं, नाव आखाड्याला दिलं, आणि त्या नावाखाली गजानन इतकी वर्षं येतोय. माझे वडील तिथे मल्लखांब शिकले.

वडाखालचा | गुरुवार, पहाटे 5:30

झोप आली नाही, म्हणून लिहितो.

कमाटी बागेतला वड आपण सगळ्यांनी बघितलेला आहे. मी दर 23 सप्टेंबरला तिथे जातो. पण बाबासाहेब त्या बागेत येऊन बसले ते कशामुळे, हे या धाग्यावर सांगायला हवं. ती गोष्ट गिऱ्हाइकाला नकार दिल्याचीच आहे.

1917. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून आलेला माणूस संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला येतो. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणून पारशी विश्रामगृहात गेले. तिथे फक्त पारशांना जागा. सांभाळणारा म्हातारा पारशी होता, आणि जागा ओस पडलेली होती. दिवसाला दीड रुपया खाण्याराहण्याचा. त्याला चार पैसे हवे होते. त्याने वहीत पारशी नाव लिहून घेतलं आणि ठेवून घेतलं. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून वर आले. संध्याकाळपर्यंत खोली खाली कर, नाहीतर परिणाम वाईट होतील. त्यांनी एका हिंदू मित्राला विचारलं, एका ख्रिस्ती मित्राला विचारलं. दोघांनी घरात घेतलं नाही. मग बाग, आणि रात्रीची मुंबईची गाडी.

ही गोष्ट लहानपणापासून ऐकतोय, आणि दरवेळी माझं लक्ष त्या म्हाताऱ्याकडे जातं. त्याची तयारी होती. त्याने खोली दिली होती. दुकानदाराला गिऱ्हाईक हवं होतं, नको होतं ते बाहेरच्यांना. त्या दिवशी "कायद्याने मला कोणालाही परत पाठवता येत नाही" असं एक वाक्य त्याच्या हाताशी असतं, तर जिन्यात उभं राहून त्याने ते म्हटलं असतं की नाही, मला माहीत नाही. पण म्हणायला काही तरी असतं.

माझं स्वतःचं सांगतो. चार वर्षांपूर्वी मुलीच्या साखरपुड्यासाठी एका वाडीत, म्हणजे लग्नाच्या हॉलवर, चौकशीला गेलो. बसलेल्या माणसाने रजिस्टरमध्ये तारीख पेन्सिलीने लिहिली, "मंडप आमचाच घ्यावा लागेल" वगैरे सांगितलं. मग नाव विचारलं. मी आडनाव सांगितलं. त्याने ड्रॉवरमधून रबर काढलं, तारीख खोडली, कागदावरचा भुगा बोटाने झटकला आणि म्हणाला, "अरे, ही तारीख तर गेलेली आहे, माझ्या लक्षातच नव्हतं." मुलगी शेजारी उभी होती. तिने मला घरी जाईपर्यंत काही विचारलं नाही. वकील साहेब म्हणतात तो 1955 चा कायदा माझ्यासाठी होता. मी तक्रार केली नाही. साखरपुडा तोंडावर होता, आणि रबराने खोडलेलं सिद्ध कसं करायचं?

ताई, त्या मुलीला मशीनचा आवाज ऐकू येत होता असं तुम्ही लिहिलंत, म्हणून हे सगळं लिहिलं.

निझामपुरा_37 | गुरुवार, दुपारी 1:10

दुकानाचं सोडा, घराचं काय? 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी सोसायटीला फक्त पारशांनाच सभासद करण्याची मुभा दिली. त्यात आपल्याकडे अशांत धारा आहे, म्हणजे ठरलेल्या भागात कलेक्टरच्या परवानगीशिवाय घर विकता येत नाही. मूळ हेतू दंगलीत लोकांनी घाबरून मातीमोल भावाने घरं विकू नयेत हा होता. आज शेजारी कोण यावा हे ठरवायला तो वापरतात. माझ्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे स्वतः ऐकलंय.

शुद्ध_तूप | गुरुवार, रात्री 10:30

वडाखालचे दादा, तुमचं वाचलं. दिवसभर डोक्यात होतं.

मी परवा लिहिलं होतं की गिऱ्हाइकाचं काही अडत नाही. ते मी मागे घेतो. मी स्वतः कधी आडनाव ऐकून ऑर्डर नाकारलेली नाही. पण ज्या वाड्यांमध्ये मी जेवणं करतो, तिथे कोणाला तारीख मिळते आणि कोणाला मिळत नाही, हे मी बघितलेलं आहे, आणि गप्प राहिलेलो आहे. माझं काम तिथूनच येतं.

मजकुराबद्दल मात्र माझं मत तेच आहे. एखाद्या छापखानेवाल्याला दारूच्या दुकानाचं हँडबिल किंवा कोणाच्या देवाची निंदा छापायची नसेल, तर त्याला ती सूट असली पाहिजे.

कोर्टाच्या_पायरीवरून | गुरुवार, रात्री 11:00

त्यावर आपलं एकमत आहे. दोन नावं आणि एक तारीख म्हणजे कोणाची निंदा नव्हे, एवढंच म्हणतो.

आणि वडाखालचे, 1955 च्या कायद्यात एक सोय आहे जी फार थोड्यांना माहीत असते. अनुसूचित जातीच्या माणसाच्या बाबतीत तसं कृत्य घडलं, तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच घडलं असं न्यायालय आधी गृहीत धरतं. तसं नव्हतं हे समोरच्याने दाखवायचं. खोडलेल्या तारखेच्या दिवशी तिथे दुसरं कोणाचं बुकिंग होतं का, हे रजिस्टरवरून निघालं असतं. आता उशीर झाला. पण पुढे कोणावर अशी वेळ आली तर पेन्सिलीच्या नोंदीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

दांडियाबझारची_सून | रविवार, दुपारी 4:15

उशिरा लिहितेय. घरात बरंच काही झालं.

मावशी, तुमचा प्रश्न मी गुरुवारी रात्री भाऊजींना विचारला. ते रॉकेलच्या चिंधीने हातावरची शाई पुसत होते. म्हटलं, "भाऊजी, वरचं प्रसन्न काढलं असतं तर छापली असती?" खूप वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "नाही वहिनी. तरी नसती छापली. पाकिटावर आपल्या प्रेसचं नाव असतं. अडीचशे घरांत जाणार. उद्या चार पोरं दुकानासमोर येऊन उभी राहिली तर? दादाला बीपी आहे."

मी त्यांना वडाखालच्यांचं लिखाण फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हाताऱ्या पारशाशी आले तेव्हा म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं.

म्हणजे ती श्रद्धा नव्हती, भीती होती. भीतीला मी नावं ठेवत नाही, मलाही वाटते. पण मग गजाननाला मध्ये घ्यायला नको होतं. हे मी त्यांना तोंडावर बोलले.

शुक्रवारी मी आणि हे त्या बाईंच्या घरी गेलो. पत्रिका त्यांनी फतेगंजात दुसरीकडे छापायला टाकली होती. मी म्हटलं, "त्या दिवशी मशीन चालू होतं." त्या म्हणाल्या, "हो, ऐकू येत होतं." चहा दिला. मुलगी आतून बाहेर आली नाही.

निघताना बाई म्हणाल्या की मुलाच्या आजीसाठी आणि त्यांच्याकडच्या वडीलधाऱ्यांसाठी पन्नास पत्रिका उर्दूत हव्या आहेत, कोणी करून देत असेल तर सांगा. आमच्याकडे उर्दू होत नाही. आमच्या बाइंडरने पाणीगेटच्या एका इनपेजवाल्याकडून, म्हणजे कॉम्प्युटरवर उर्दू जुळवणाऱ्याकडून, मजकूर जुळवून आणला. प्रूफ मला वाचता येईना, म्हणून त्यानेच दोनदा वाचून सही केली. काल पन्नास प्रती स्क्रीनवर काढल्या. पाकिटावर प्रेसचं नाव ठेवायचं का, असं ह्यांनी मला विचारलं. मी ठेवा म्हटलं. ह्यांनी ठेवलं.

भाऊजी काल दिवसभर पलीकडच्या टेबलावर पावतीबुकांना नंबर मारत बसले होते. अडवलं नाही, हातही लावला नाही. दुपारी पत्रिका वाळत घातल्या होत्या, तेव्हा पंखा मात्र त्यांनीच त्या बाजूला फिरवला.

घरात मी दोन गोष्टी मांडल्या आहेत. एखादा मजकूर छापायचा नसेल तर तो कोणासाठीच छापायचा नाही, नावगाव बघून नाही. आणि नकार द्यायचाच असेल तर खरं कारण समोरच्याच्या तोंडावर सांगायचं, मशीनवर ढकलायचं नाही. दुसरी गोष्ट भाऊजींनी मान्य केली आहे. पहिलीवर आमचं अजून बोलणं चालू आहे.

वकील साहेब, दुकानासमोर कोणी येऊन उभं राहिलंच, तर आधी काय करायचं, तेवढं लिहून ठेवा. मी त्याची प्रिंट काढून काउंटरच्या काचेखाली ठेवणार आहे.